ग्रुप थेरपी म्हणजे स्वस्तातली थेरपी का? जरा सविस्तर सांगते

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत, फरक आहे पण पूर्ण बरं वाटत नाही, आणि आता डॉक्टर म्हणतायत ग्रुप थेरपीला जा, आठवड्यातून एकदा दीड तास, सात-आठ जण असतील. आणि तुमचा प्रश्न असा की ज्यांना स्वतःलाच सावरता येत नाहीये अशी आठ माणसं एका खोलीत बसून एकमेकांचं काय भलं करणार, आणि एकट्याने थेरपिस्टकडे जाणं महाग पडतं म्हणून काढलेली ही सोय तर नाही ना, याच्यावर काही संशोधन आहे की नुसत्याच गप्पा. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात २२ वर्षं ग्रुप चालवतेय, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक नवीन माणूस विचारतो आणि विचारायलाच हवा. उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

स्वस्तातली सोय ही तुमची शंका अगदीच चुकीची नाही, कारण सुरुवात खरंच तशी झाली होती. १९०५ साली बोस्टनमध्ये जोसेफ प्रॅट म्हणून डॉक्टर होते, टीबीचे पेशंट बघायचे. तेव्हा टीबीवर औषध नव्हतं, विश्रांती, मोकळी हवा, चांगलं खाणं एवढाच उपचार, आणि सॅनेटोरियमचा खर्च गरीब माणसाला झेपायचा नाही. मग त्यांनी घरीच राहणाऱ्या पेशंटांचा आठवड्याला एक वर्ग चालू केला, प्रत्येकाने रोजची वही लिहायची आणि वर्गात आणून दाखवायची. एकेकाला तेच तेच सांगत बसण्यापेक्षा सगळ्यांना एकदम सांगावं, इतकाच हिशोब होता. पण त्यांच्या लक्षात आलं की पेशंट एकमेकांमुळे तग धरतायत, एकाचं वजन वाढलं की बाकीच्यांना हुरूप येतो, वेगवेगळ्या वंशांची आणि पंथांची माणसं एका आजारामुळे एकमेकांची झालीयत. पुढे १९३० मध्ये त्यांनी असेच वर्ग मनामुळे शरीराचा त्रास होणाऱ्या पेशंटांसाठी सुरू केले. म्हणजे वेळ वाचवायला निघालेला माणूस दुसरीच गोष्ट सापडवून बसला, आणि ती दुसरी गोष्ट नेमकी काय आहे हेच आम्ही तेव्हापासून शोधतोय.

आता आकडे. अमेरिकेत युटा राज्यात गॅरी बर्लिंगेम आणि त्यांच्या टीमने ग्रुप थेरपीच्या अभ्यासांची मोजदाद करण्यात आयुष्य घातलंय. २०१६ मध्ये त्यांनी असे ६७ अभ्यास एकत्र केले ज्यात ग्रुपमधली थेरपी आणि एकेकट्याची थेरपी यांची थेट तुलना होती, आणि उपचार तोच, पेशंट तशाच प्रकारचे, वेळही तेवढाच असेल तर निकालात फरक सापडला नाही. २०१९ मध्ये पिम काउपर्स यांच्या टीमने फक्त डिप्रेशनसाठीच्या सीबीटीचे, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या थेरपीचे, १५५ अभ्यास तपासले, एकट्याने, ग्रुपमध्ये, फोनवर, वगैरे, तिथेही एकट्याची आणि ग्रुपची परिणामकारकता सारखीच निघाली. ही सरासरी आहे हे लक्षात ठेवा. सरासरी सारखी याचा अर्थ प्रत्येकाला दोन्ही सारखंच लागू पडतं असा होत नाही, काही जण एकट्याने जास्त खुलतात, काही जण ग्रुपमध्ये. पण "ग्रुप म्हणजे दुय्यम" हे मात्र या आकड्यांत दिसत नाही.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून सोडणारा अभ्यास युगांडाचा आहे. मी तो वाचला तेव्हा माझी प्रॅक्टिस नवीन होती आणि डोक्यात पक्कं होतं की थेरपी म्हणजे डिग्रीवाल्या माणसाने द्यायची गोष्ट. २००३ मध्ये पॉल बोल्टन आणि सहकाऱ्यांनी तो छापला. नैऋत्य युगांडातली मसाका आणि राकाई भागातली ३० खेडी, एड्सने घरंच्या घरं उजाड झालेली, डॉक्टर कमी, डिप्रेशनच्या गोळ्या मिळण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. आधी त्यांनी लोकांनाच विचारलं की मन खचणं तुमच्या भाषेत काय असतं. लोकांकडे त्याला स्वतःचे शब्द होते, एकाचा अर्थ साधारण स्वतःचा तिटकारा येणं आणि दुसऱ्याचा स्वतःची कीव येणं. मग लॉटरी पद्धतीने निम्म्या खेड्यांत ग्रुप सुरू केले, बायकांचे वेगळे आणि पुरुषांचे वेगळे, आठ ते दहा जण, आठवड्याला दीड तास, १६ आठवडे. ग्रुप चालवणारी माणसं तिथलीच, मानसोपचाराची कुठलीही डिग्री नाही, दोन आठवड्यांचं ट्रेनिंग फक्त. बोलायचं कशावर, तर मृत्यूचं दुःख, घरातले तंटे आणि आयुष्यात अचानक आलेले बदल, म्हणजे नवरा गेला, आजार निघाला, लग्न होऊन परक्या घरी आले, असले. सुरुवातीला दोन्हीकडच्या बहुतेकांना डिप्रेशन होतं. शेवटी ग्रुपवाल्या खेड्यांत ६.५ टक्के लोकांत उरलं, बाकीच्या खेड्यांत ५४.७ टक्के. सहा महिन्यांनी पुन्हा जाऊन बघितलं तरी फरक टिकून होता. पुढे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच पद्धतीची पुस्तिका काढली. तर ज्यांना स्वतःलाच सावरता येत नाही ती माणसं एकमेकांचं काय भलं करणार, याचं एक उत्तर त्या ३० खेड्यांत आहे.

बरं, पण होतं कसं हे? इर्विन यालोम या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९७० मध्ये ग्रुप थेरपीवरचं जे पुस्तक लिहिलं त्यात ग्रुपमध्ये बरं करणाऱ्या गोष्टींची यादी आहे, आजही आम्ही सगळे त्यावरच शिकतो. सगळी यादी देत नाही, मला रोज दिसतात त्या दोन-तीन सांगते.

एक म्हणजे "हे फक्त माझंच नाही" हे कळणं. ऐकायला फार साधं वाटतं, आणि मी एकटी समोर बसून शंभर वेळा सांगितलं की असं खूप जणांना होतं, तरी ते पटत नाही कारण मी डॉक्टरच्या खुर्चीत आहे, माझं कामच आहे धीर द्यायचं. पण समोरच्या खुर्चीतली बँकेत काम करणारी बाई म्हणते की सकाळी उठून दात घासायचे म्हटलं तरी अर्धा तास पलंगावर बसून राहते, तेव्हा ऐकणाऱ्याचे खांदे अक्षरशः खाली येतात, मी बघितलंय ते कितीतरी वेळा. दुसरी, आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो ही भावना. डिप्रेशनमध्ये माणसाला वाटतं मी सगळ्यांना ओझं आहे, घरचे सगळे माझं करतायत आणि मी काहीच नाही. अशा माणसाच्या एका वाक्याने ग्रुपमध्ये दुसऱ्याला रडू फुटतं आणि मोकळं वाटतं, तर ते औषध आधी त्या बोलणाऱ्याला लागतं. एकट्याच्या थेरपीत मी तुम्हाला हे देऊच शकत नाही, कारण तिथे मदत एकाच दिशेने वाहते.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी आणि समजायला जरा अवघड. तुम्ही बाहेर जगाशी जसे वागता तसेच थोड्या दिवसांत ग्रुपमध्ये वागायला लागता. माझ्या एका ग्रुपमध्ये (तपशील सगळे बदललेत) एक गृहस्थ होते, त्यांची तक्रार अशी की घरात, ऑफिसात कुणी मला विचारतच नाही. ग्रुपमध्ये त्यांची पाळी आली की दर वेळी "माझं काही विशेष नाही, तुमचं चालू द्या" म्हणून हात झटकायचे. सहाव्या-सातव्या सेशनला एक कॉलेजमधली मुलगी म्हणाली, काका, तुम्ही दर वेळी असं म्हणता ना तेव्हा मला वाटतं तुम्हाला आमच्याशी बोलायचंच नाहीये, म्हणून मी आता विचारणं सोडून दिलं. ते गप्प झाले. पुढच्या आठवड्यात येऊन म्हणाले, आठ दिवस तेच वाक्य डोक्यात होतं, माझी मुलगी पण असंच विचारणं सोडून बसली असेल. हे मी एकटीने त्यांना कधी दाखवू शकले नसते, कारण माझ्यासमोर ते छान बोलायचे, मी विचारायचे आणि ते उत्तर द्यायचे. त्यांचा आजार माणसांच्या मधल्या जागेत होता आणि ती जागा माझ्या केबिनमध्ये नव्हती.

यात आपल्या मराठी ग्रुपांची एक वेगळी गंमत आणि अडचण आहे. पहिल्या दहा मिनिटांत सगळे काका, मावशी, ताई, दादा होतात. त्याने ऊब येते, अनोळखीपणा झटकन जातो, मी ते कधी थांबवत नाही. पण मग काका चुकत असले तरी कुणी बोलत नाही, ताईंना राग आला तर तो दाखवणं वाईट दिसतं म्हणून त्या हसून नेतात. वर सल्ल्यांचा पाऊस. सकाळी फिरायला जा, प्राणायाम करा, आमच्या एका नातेवाइकांना अमुक ठिकाणी गुण आला. पहिल्या तीन-चार सेशनमध्ये हे होणारच, तुम्हाला वैताग येईल आणि वाटेल की हेच ऐकायचं होतं तर घरी आत्या होतीच की. थांबा थोडं. सल्ला फारसा कामाचा नसतो पण तो देणारा माणूस तुमच्यात लक्ष घालतोय एवढं त्यातून कळतं, खरं काम नंतर चालू होतं. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये ग्रुपांवरचे ५० अभ्यास एकत्र वाचून ग्रुप कोणत्या टप्प्यांतून जातात ते मांडलं, त्यातले बरेचसे थेरपी ग्रुपच होते. आधी चाचपडणं, मग खटके, मग घडी बसणं आणि मग काम. त्यामुळे माझ्या ग्रुपमध्ये पहिला खटका उडतो तेव्हा मी घाबरत नाही, मला उलट हायसं वाटतं की आता ही माणसं एकमेकांसाठी खरी व्हायला लागली.

आणि सुरुवातीला सगळे माझ्याकडेच बघत बसतात, मॅडम तुम्हीच सांगा. विल्फ्रेड बियॉन या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने याच्यावर फार खोल लिहिलंय. ते जन्मले आपल्या मथुरेत, १८९७ मध्ये, शाळेसाठी इंग्लंडला गेले. दुसऱ्या महायुद्धात मनाने कोलमडलेल्या सैनिकांसाठी बर्मिंगहॅमजवळ नॉर्थफील्ड हॉस्पिटल होतं, तिथे त्यांनी वॉर्डच्या वॉर्ड ग्रुपसारखा चालवायचा प्रयोग केला, तो सहा आठवड्यांत बंद पाडला गेला पण त्याचा विचार टिकला. त्यांचं म्हणणं असं की ग्रुप घाबरला की आपलं खरं काम सोडतो आणि कुणीतरी सर्वज्ञ माणूस आपल्याला तारेल अशी वाट बघत बसतो, किंवा कुणाशी तरी भांडायला नाहीतर पळायला बघतो, किंवा कुणा दोघांच्या जोडीतून काहीतरी चांगलं जन्माला येईल अशी आशा लावून बसतो. मला वाटतं ज्या समाजात गुरू समोर बसला की शिष्य गप्प बसतो तिथे पहिली गोष्ट जास्तच जोरात चालते. म्हणून मी प्रश्नाचं उत्तर लगेच देत नाही. नवीन लोकांना हे तुटक वाटतं, काही जण रागावतात, पण मी उत्तर द्यायला लागले की ग्रुप संपला, मग तो क्लास होतो.

या सगळ्याला बांधून ठेवणारी जी गोष्ट आहे तिला आम्ही कोहेजन म्हणतो, साध्या मराठीत ग्रुपबद्दलचा आपलेपणा, की ही माझी जागा आहे आणि इथे मी असलो-नसलो तर फरक पडतो. बर्लिंगेम यांनी २०१८ मध्ये ५५ अभ्यास एकत्र करून बघितलं तर कोहेजन आणि बरं होणं यांचा संबंध ०.२६ निघाला (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण संबंध). आकडा छोटा दिसतो पण मानसोपचारात एका गोष्टीचा एवढा संबंध सापडणं मोठी गोष्ट आहे. त्यांच्या त्याआधीच्या, २०११ च्या मोजणीत हा संबंध पाच ते नऊ जणांच्या आणि १२ पेक्षा जास्त सेशन चालणाऱ्या ग्रुपांत जास्त घट्ट दिसला होता. त्यामुळे कुणी तुम्हाला २५ जणांच्या हॉलमध्ये बसवून ग्रुप थेरपी म्हणत असेल तर ते दुसरं काहीतरी आहे, व्याख्यान असेल, शिबिर असेल, चांगलंही असेल, पण मी सांगतेय ते नाही.

इथे एक फरक सांगून टाकते कारण लोक गल्लत करतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (ए.ए.) म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना, १९३५ मध्ये सुरू झाली आणि तिच्या मीटिंगा आज जगभर चालतात, आपल्याकडे पुण्यात मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून किती घरं सावरली गेली हे महाराष्ट्राला माहीत आहे. ए.ए.च्या मीटिंगला थेरपिस्ट नसतो, एकाच वाटेवरची माणसं एकमेकांना धरून चालतात, आणि तिचं मोल मोठं आहे. थेरपी ग्रुपमध्ये मात्र ट्रेनिंग घेतलेला माणूस बसलेला असतो आणि माणसांमध्ये आत्ता, इथे, काय घडतंय यावर काम होतं. तुम्हाला कुठलं सुचवलंय ते डॉक्टरांना विचारून घ्या.

आता इजा. हे मी मुद्दाम लांब लिहिणार आहे, कारण जे औषध लागू पडतं त्याची रिअॅक्शनही येऊ शकते आणि आमच्या क्षेत्रात हे पुरेसं बोललं जात नाही. अमेरिकेत साठच्या दशकात एन्काउंटर ग्रुपांची, म्हणजे एकमेकांसमोर मन उघडं करायच्या ग्रुपांची, लाट आली होती, मन मोकळं करा, रडा, ओरडा, मुखवटे फाडा. लीबरमन, यालोम आणि माइल्स यांनी स्टॅनफर्डमध्ये १८ ग्रुप घेतले, दोनशेच्या वर विद्यार्थी, वेगवेगळ्या पद्धतीचे लीडर, आणि १९७३ मध्ये निकाल पुस्तकात छापले. १६ जणांना, म्हणजे साधारण ८ टक्क्यांना, टिकून राहणारी मानसिक इजा झालेली निघाली. जास्त इजा कुठे, तर जिथे लीडर आक्रमक, सारखा माणसांना उकरणारा, पेटवणारा होता तिथे. चांगलं कुठे झालं, तर लीडर जिव्हाळ्याचा होता आणि जे घडलं त्याचा अर्थ लावायला मदत करत होता तिथे. भावना उफाळून आणणं बेताचं असेल तरच फायद्याचं निघालं. आणि त्यातली जी गोष्ट मी कधीच विसरत नाही ती ही, की कुणाला इजा झाली हे लीडरांना नीट कळलंच नव्हतं. बाकीच्या मेंबरांना विचारलं तर त्यांनी बरोब्बर सांगितलं.

मी हे पुस्तकात वाचलेलं होतं तरी माझ्या हातून तेच घडलं. चौथ्या-पाचव्या वर्षातली गोष्ट असेल, एक बाई सहा सेशन येऊन बंद झाल्या. मी फोन केला, त्या म्हणाल्या घरी पाहुणे आहेत, मी मान्य केलं. दोन आठवड्यांनी ग्रुपमध्ये विषय निघाला तेव्हा तिघांनी तिथल्या तिथे सांगितलं की त्या दिवशी त्यांच्या लग्नाबद्दल बोलणं चाललं होतं आणि एकामागून एक चार जणांनी त्यांनाच बोल लावला, त्या पदराचं टोक मुठीत धरून बसल्या होत्या. मी त्याच खोलीत होते. मला वाटलं होतं छान चर्चा चाललीये. मी त्यांना भेटायला गेले, माफी मागितली, त्यांनी ती स्वीकारली पण त्या परत आल्या नाहीत, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून प्रत्येक सेशनची शेवटची दहा मिनिटं मी राखून ठेवते आणि एकच विचारते, आज कुणाला काही लागलं का, आणि तुम्हाला दुसऱ्या कुणाला लागलंय असं वाटलं का. दुसऱ्या प्रश्नाला उत्तरं जास्त येतात.

कुणाला कुणाबरोबर बसवायचं हेही तितकंच महत्त्वाचं. १९९९ मध्ये डिशन, मकॉर्ड आणि पूलां यांनी दाखवलं की वाया जाण्याच्या वाटेवर असलेल्या पोरांना फक्त तसल्याच पोरांच्या ग्रुपमध्ये घातलं तर पुढे त्यांचं बिघडणं वाढू शकतं, कारण ग्रुपमध्ये हशा आणि टाळी वाईट वागण्याच्या किश्शालाच मिळते. म्हणून कुणी म्हणालं की माझ्या मुलाला तशा मुलांच्या ग्रुपमध्ये टाका तर मी सरळ नाही म्हणते.

आणि ग्रुपकडून काय मागू नये तेही सांगते. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल यांचा अभ्यास आला, शरीरात पसरलेला स्तनाचा कॅन्सर असलेल्या ८६ बायका, ज्या वर्षभर ग्रुपला गेल्या त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या आणि बाकीच्या १८.९ महिने. जगभर खळबळ. मग २००१ मध्ये कॅनडात पामेला गुडविन यांनी २३५ बायकांवर तोच प्रयोग केला, आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, २००७ मध्ये स्पीगल यांच्या स्वतःच्या दुसऱ्या अभ्यासातही एकंदरीत दिसलं नाही. पण गुडविन यांच्या अभ्यासात मनाचा त्रास कमी झाला आणि दुखणं कमी जाणवलं, ते खरं होतं. आहेत तेवढे दिवस कमी दुखणं ही माझ्या मते फार मोठी गोष्ट आहे, तिला फुगवून आयुष्य वाढतं असं सांगायची गरजच नाही.

आता तुमच्यापुरतं. ग्रुपमध्ये घेण्याआधी थेरपिस्ट तुम्हाला एकटं भेटतात का, आणि ग्रुप कसा चालतो, नियम काय, हे समजावून सांगतात का ते बघा. एकदा तरी अशी भेट झालीच पाहिजे, नीट तयारी करून आलेली माणसं टिकतात. सध्या जीव द्यायचे विचार जोरात येत असतील तर आधी ते डॉक्टरांना सांगा, आजच सांगा, त्या अवस्थेत ग्रुप ही पहिली जागा नाही. गोळ्या ग्रुप चालू झाला म्हणून स्वतःहून बंद करायच्या नाहीत. ओळखीचं कुणी निघेल का ही भीती तुम्ही लिहिली नाहीत पण ती असणार, गाव केवढंही मोठं असलं तरी कुणीतरी कुणाचं मेहुणं निघतंच. तर मेंबरांची नावं आधी सांगता येत नाहीत, पण पहिल्या दिवशी ओळखीचं दिसलं तर लगेच थेरपिस्टला बाजूला घेऊन सांगा, दुसरा ग्रुप बघता येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने गुप्तता पाळायला मी बांधलेली आहे, शेजारी बसलेला मेंबर फक्त त्याच्या शब्दाने बांधलेला असतो, म्हणून तो शब्द सगळ्यांसमोर घेतला जातो का ते बघा. ग्रुपचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढतात का तेही विचारा. मी काढू देत नाही, कारण दीड तासात जे बोलायचं ते तिथे रात्री अकराला सांडतं आणि सावरायला कुणी नसतं.

पहिल्या दिवशी काही बोलला नाहीत तरी चालतं. तुम्ही मला जे लिहिलंय ना, की आठ रडणारी माणसं काय करणार, ते वाक्य तसंच्या तसं तिथे बोलून दाखवलंत तर उत्तम, आणखी तिघे तरी माना डोलावतील. निदान बारा सेशन द्या. आणि त्याआधी सोडावंसं वाटलंच तर फोनवर पाहुण्यांचं कारण देऊ नका, एकदा येऊन सगळ्यांसमोर सांगा की मी थांबतोय आणि का थांबतोय, म्हणजे काही लागलं असेल तर ते तिथेच बोललं जाईल, आणि मागे राहिलेली सात माणसं पुढचे चार आठवडे आपलंच काय चुकलं याचा विचार करत बसणार नाहीत.